विसावी सुई

मास्तरांना सुईची भीती वाटते, हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाचा धंदाच सुया टोचण्याचा होता. त्या माणसाशी मास्तरांचं लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली होती.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की दवाखाना. पुढच्या खोलीत टेबल, चार खुर्च्या, रजिस्टर आणि गरम पाण्याचा थर्मास. आतल्या खोलीत तीन खाटा, मधे तारेवर सरकणारे पडदे. मागे स्वयंपाकघर. तिथं एकच स्टूल मावत असे आणि फ्रिज उघडायचा तर स्टुलावरच्या माणसाला उठावं लागे. भिंतीवर चिनी वैद्यकातला तो सुप्रसिद्ध माणूस टांगलेला होता. अंगभर रेघा आणि रेघांवर ठिपके, तरीही चेहरा अगदी शांत. पेशंट त्याला ‘भिंतीवरचे काका’ म्हणत आणि मास्तरांच्या पत्नीला ‘सुईबाई’.

सुईबाई मूळच्या नर्स. तिशी ओलांडल्यावर त्या एका म्हाताऱ्या चिनी डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली सहा वर्षं शिकल्या. पहिले तीन महिने माणसाला हात लावायची मनाई. कागदाची घट्ट घडी दोऱ्यानं आवळायची आणि तिच्यात सुया खुपसत बसायचं, कागद चुरगळू न देता. नंतर स्वतःच्या पायात. त्यानंतर दुसऱ्याच्या. हा ‘दुसरा’ म्हणजे अर्थातच मास्तर. ते मोठ्या तयारीनं खुर्चीत बसले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, सुई सरळ धरणाऱ्या बारीक नळीतून बाहेर आलेलं तिचं टोक पाहिलं. पुढची गोष्ट त्यांना दिसली ती छत. त्या दिवशी सुईबाई म्हणाल्या होत्या, “पुन्हा विचारणार नाही. मागाल तेव्हा देईन.” सुईबाई शब्दाच्या पक्क्या. मास्तरांनी मागितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. या कराराला आता तीस वर्षं होऊन गेली होती.

मास्तरांनी चौतीस वर्षं आठवीच्या वर्गाला गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं की पोरं खूश व्हायची, मास्तर व्हायचे नाहीत. “उत्तर शेजाऱ्याच्या वहीतही असतं. रीत दाखव,” हे त्यांचं वाक्य. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्यांनी घरातल्या घड्याळांच्या वेळा जुळवल्या. मग सुईबाईंनी त्यांना दवाखान्यात टेबलामागे बसवलं. त्यालाही आठ वर्षं झाली.

या आठ वर्षांत मास्तरांनी चिनी वैद्यक ऐकून ऐकून पाठ केलं. आलेल्या माणसाला दहा मिनिटं बसवायचं, कारण जिना चढून आलेल्याची नाडी खोटं बोलते. कॉफी पिऊन आला असेल तर पुढची वेळ द्यायची, कारण रंगलेल्या जिभेवर काहीच वाचता येत नाही. मग रजिस्टरमध्ये लिहायचं: ‘जीभ फिकट, कडेला दातांचे ठसे. पाय गार.’ जाताना उपदेश फुकट. पाय उबदार ठेवा, डोकं थंड ठेवा. सकाळचं खाणं गरम असू द्या, रात्रीचं हलकं. अकराच्या आत दिवा बंद. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला दाबत चला. त्या बिंदूचं नावच ‘पायाचे तीन कोस’. दमलेले वाटसरू तिथं दाबून आणखी तीन कोस चालत, असं चिनी लोक सांगतात.

“आणि अंगात जो प्राण फिरतो ना,” मास्तर नवख्याला सांगत, “त्याची वाट कुठं अडली की दुखणं. सुई म्हणजे अडलेल्याला मागून दिलेला हलका धक्का.”

“दुखतं का हो?” हा प्रश्न ठरलेला.

“छे! मुंग्या आल्यासारखं वाटतं. झालं.”

“तुम्ही घेतलीय?”

“स्वानुभवाशिवाय मी बोलत नाही.”

हे वाक्य आलं की आतल्या खोलीतला ट्रे-ताटल्यांचा आवाज क्षणभर थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.

सुई सगळ्यावर चालते असा दावा मात्र दोघांनीही कधी केला नाही. छातीत कळ, चढलेला ताप, कुठं गाठ, असं काही असलं की सुईबाई पेशंटला खाटेवर टेकूही देत नसत. मास्तर जिना उतरून टॅक्सी थांबवत आणि माणसाला थेट हॉस्पिटलात धाडत. अशाच एका फेरीत टॅक्सीवाल्याची ओळख झाली आणि आता तोच दर बुधवारी दोन नंबरच्या खाटेवर पालथा पडून कंबरेवर सुया घेत असे आणि अखंड बोलत असे.

दवाखान्यात एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता: आत गेल्या तितक्या बाहेर आल्या पाहिजेत. प्रत्येक खाटेच्या उशाशी मास्तरांच्या शाळेतून आलेली पाटी टांगली होती. सुयांची पाकिटं दहाची. मास्तर पाकिटं फोडून ट्रे मांडून देत. टोचून झालं की सुईबाई नजर पेशंटवर ठेवूनच विचारत, “उरल्या?” मास्तर ट्रेकडे बघून आकडा सांगत आणि पाटीवर वजाबाकी लिहीत. काढताना सुईबाई मोठ्यानं मोजत. पाटीशी जुळलं की पेशंट मोकळा. उरलेल्या सुया वापरलेल्यांबरोबर पिवळ्या डब्यात जात, कारण एकदा फोडलेलं पाकीट पुन्हा कोणासाठी चालत नाही.

“माझ्या बाईंचा आकडा ज्या दिवशी चुकला,” सुईबाई सांगत, “त्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद केला. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. माझाही चुकला की मी बोर्ड उतरवणार.” त्यासाठी त्यांनी टेबलाच्या खणात एक पेचकस ठेवला होता. सव्वीस वर्षांत तो फक्त एकदा बाहेर आला होता, थर्मासचं झाकण उघडायला. पेशंटना ती गंमत वाटे. मास्तरांना माहीत होतं, गंमत नव्हती.

आता मास्तरांच्या खांद्याविषयी. डावा खांदा गेले तीन महिने आखडला होता. स्वेटर घालताना ते दार लावून घेत, कारण तोंडातून निघणारे आवाज शिक्षकाला शोभणारे नव्हते. वरच्या फळीवरचं रजिस्टर त्यांनी खालच्या फळीवर आणलं होतं, ‘म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसाठी’. दवाखान्यात दुसरं कोणी म्हातारं माणूस रजिस्टर काढत नव्हतं. याच दवाखान्यात दुसऱ्यांचे आखडलेले खांदे आठ-दहा खेपांत हलू लागलेले त्यांनी बघितले होते. मागायचा अवकाश होता. पण मागायचं, खाटेवर झोपायचं आणि पडद्यापलीकडे टॅक्सीवाला असताना बेशुद्ध पडायचं? आठ वर्षांचा स्वानुभव एका मिनिटात उघडा पडला असता. तेव्हा मास्तरांनी गणिती मार्ग काढला. आधी एकच सुई, एकट्यानं, स्वतःला. शुद्ध राहिली तर मागायचं, नाही तर खांदा आणि आपण, आमचं आम्ही बघून घेऊ.

सुई आणायची कुठून? कपाटाची किल्ली सुईबाईंच्या कमरेला. राहिल्या ट्रेवर उरलेल्या सुया. त्या डब्यातच जायच्या, म्हणजे कोणाच्याच नव्हेत.

बुधवारी दुपारी एक नंबरच्या खाटेवर पाववाल्या मावशी होत्या. कोपऱ्यावरची बेकरी त्यांची. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून भट्टी पेटवली. गेल्या साली कारभार मुलाकडे दिला, पण डोळा तीनलाच उघडतो, त्यासाठी सुया. सुईबाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवली, जीभ बघितली. “नाडी ताणलेल्या तारेसारखी आहे. जिभेचं टोक लाल. मावशी, तुम्ही अजून मनातल्या मनात पीठ मळता.”

“पोरगा नीट मळत नाही, मग कोण मळणार?”

मास्तरांनी दोन पाकिटं फोडली. सुईबाईंनी मनगटं, पाय, कान आणि शेवटी मावशींच्या दाट केसांत अगदी टाळूवर सुई लावली. त्या बिंदूला ‘शंभर भेटी’ म्हणतात, सगळ्या वाटा तिथं येऊन मिळतात म्हणून. मग टॅक्सीवाला पलीकडून ओरडला, “सुईबाई, शेकाचा दिवा जरा जास्तच तापतोय हो, मी पाव नाहीये!” सुईबाई तिकडे वळल्या. ट्रेवर दोन सुया होत्या. मास्तरांनी एक नळीसकट उचलून, कागदाच्या पट्टीत गुंडाळून खिशात टाकली.

“उरल्या?” पडद्यापलीकडून प्रश्न आला.

मास्तरांनी ट्रेकडे पाहिलं. चौतीस वर्षांची सवय अशी की समोर जे दिसतं तेच सांगायचं.

“एक,” ते म्हणाले, आणि पाटीवर लिहिलं: २० − १ = १९.

आठवीच्या वर्गात अशी वजाबाकी कोणी केली असती तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

टायमर पंचवीस मिनिटांवर लावून सुईबाई पुढच्या खोलीत टिपणं लिहायला बसल्या. मास्तर स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर बसले आणि फ्रिजकडे तोंड केलं. डावा हात मांडीवर ठेवला. अंगठा तर्जनीला चिकटवला की मधे जो उंचवटा येतो, त्याच्या माथ्यावरची ‘भेटीची दरी’ त्यांना पाठ होती. स्पिरिटनं जागा पुसली. पुन्हा पुसली. फ्रिजवरची दुधाची यादी वाचली. तिसऱ्यांदा पुसली. अशी वीस मिनिटं गेली. मग त्यांनी डोळे मिटले, नळी टेकवली आणि वर टिचकी मारली.

काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. हातावर केसाएवढी बारीक सुई सरळ उभी होती आणि ते स्वतः स्टुलावर होते, छत जागच्या जागी होतं. मास्तरांना एकदम पंचविशीतलं झाल्यासारखं वाटलं. मग आतून एक जड, बोथट कळ आली, कोणी हळूच मूठ आवळावी तशी. मुंग्या-बिंग्या काही नव्हत्या. आठ वर्षं आपण लोकांना चुकीचं सांगत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

आता काढायची होती. तेवढ्यात टायमर वाजला.

“... सोळा, सतरा, अठरा,” सुईबाईंचा आवाज आला. “मास्तर, पाटीवर किती?”

“एकोणीस!” मास्तरांनी बसल्या जागेवरून सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांना वजाबाकी दिसली. सगळी, रीतीसकट. त्यांची पाचावर धारण बसली.

सुई उपटायचा धीर होईना. ते उठले, हात पाठीमागे बांधले आणि बाहेर आले. वर्गात बाकांमधून ते असेच फिरायचे, त्यामुळे कोणालाच वेगळं वाटलं नाही.

सुईबाई मावशींच्या केसांत बोटं फिरवत होत्या. “इथं नाही. कानामागे नाही. मावशी, पाय उचला.”

“म्हणजे काय, सुई माझ्या आत गेली?”

“आत जात नाही. मागे मूठ असते तिला. पडली असेल. मास्तर, लोहचुंबक आणा.”

लांब दांड्याचं लोहचुंबक मास्तरांनी उजव्या हातात धरलं आणि खाटेखाली फिरवलं. ज्या वस्तूचा ठावठिकाणा स्वतःच्या पाठीमागे आहे ती त्यांनी अतिशय मन लावून शोधली. मिळाल्या केसांच्या सात पिना, एक खिळा आणि एक नाणं.

“नाणं माझं असेल,” पडद्यामागून टॅक्सीवाला म्हणाला.

“तुम्ही गप्प पडा,” मावशी म्हणाल्या. “सुईबाई, चार वाजता दुसरी भट्टी लागते. पोरगा पीठ इतकं फुगवेल की दार उघडायला फायर ब्रिगेड बोलवावी लागेल.”

“आकडा जुळल्याशिवाय सोडत नाही मी.”

चादर झटकली. उशी उसवली. मावशींचे केस विंचरून दोनदा कंगव्यावर चुंबक धरलं. मास्तर मनात म्हणत होते, आता सांगावं. मग मावशी त्यांच्याकडे बघून म्हणत, “मास्तर बिचारे घामाघूम झाले हो,” आणि सांगणं आणखी एक हात लांब जाई.

अखेर सुईबाई थांबल्या. पुढच्या खोलीत गेल्या. खण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात पेचकस होता.

“हे काय?” मावशी उठून बसल्या.

“बोर्ड,” सुईबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव सांगावा तसा. “मला आठवतंय मी अठराच लावल्या. पण आठवण आणि पाटी यांचं भांडण झालं तर पाटी खरी, हे मला यांनीच शिकवलंय. आठवण दगा द्यायला लागली असेल, तर माणसांच्या अंगावर मी हात चालवू नये. मावशी, तुम्ही हॉस्पिटलात जाऊन एक एक्स-रे काढून घ्या. मी चिठ्ठी देते.”

आणि त्या दाराकडे निघाल्या.

मास्तरांना हजार पोरं आठवली. खोडी सिद्ध होईपर्यंत गप्प बसणारी, आणि आपल्या वाटची छडी भलत्यालाच बसायची वेळ आली की उठून उभी राहणारी. या दुसऱ्या जातीच्या पोरांना ते अर्धा मार्क वाढवून देत.

“पाटी चुकली आहे,” ते म्हणाले.

सुईबाई वळल्या. “पाटी कशी चुकेल?”

“लिहिणारा चुकला.” मास्तरांनी डावा हात पुढे आणला. दुखऱ्या खांद्यामुळे तो हळूहळू आला, नाटकातला पडदा सरकावा तसा. “ही विसावी.”

“काय झालं?” पालथा टॅक्सीवाला ओरडला. “अहो, कोणी तरी सांगा! मला फक्त फरशी दिसतेय!”

“मास्तरांना सुई सापडली,” मावशी म्हणाल्या. “मास्तरांमध्ये.”

सुईबाई जवळ आल्या. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि हात उजेडाकडे वळवला. “अर्धं बोट बाजूला लागलीय,” त्या म्हणाल्या. मग, “अशी घेऊन अर्धा तास खाटांखाली फिरलात?”

“हो.”

“का?”

“खांदा.”

“त्याला तीन महिने झाले.”

“तुला माहीत होतं?”

“रजिस्टर खाली आलं त्याच दिवशी. वाट बघत होते. मागाल तेव्हा देईन म्हटलं होतं ना? मागितलीत कुठं? चोरलीत.”

“पडलो तर लोकांसमोर पडायला नको, म्हणून आधी ...”

“थांबा थांबा,” मावशींनी बोट वर केलं. “मास्तर, गेल्या साली मला म्हणालात तो स्वानुभव?”

“तो आजपासून,” मास्तर म्हणाले.

मावशी इतक्या हसल्या की खाट सरकली. टॅक्सीवाला हसायला लागला आणि मग कळवळला, कारण त्याच्या कंबरेवरच्या सुया अजून जागेवर होत्या. सुईबाई हसल्या नाहीत. त्यांनी कापूस घेतला, सुई धरली आणि एका झटक्यात काढली. हातावर मोहरीएवढा रक्ताचा थेंब आला. मास्तरांनी तो बघितला.

पुढची गोष्ट त्यांना दिसली ती छत.

नाकाखालच्या खळगीत कोणी तरी अंगठ्याचं नख कचकचून दाबत होतं. मावशी पाटीनं वारा घालत होत्या आणि पलीकडून आवाज येत होता, “आता काय पडलं? काय पडलं ते तरी सांगा!”

“किती बोटं?” सुईबाईंनी हात समोर धरला.

“तीन. आणि नख काढ, लागतंय.”

“शुद्धीवर आहेत,” सुईबाईंनी जाहीर केलं. मग त्या उठल्या, मावशींच्या हातातून पाटी घेतली आणि खडू मास्तरांसमोर धरला. “पुसा. पुन्हा करा. रीत दाखवा.”

मास्तरांनी जमिनीवर बसूनच लिहिलं: २० − २ = १८. सुईबाईंनी ताटलीतल्या सुया पुन्हा एकदा मोजल्या आणि मगच मावशींना चप्पल घालू दिली. मावशी जिना उतरेपर्यंत हसत होत्या. चारची भट्टी सव्वाचारला लागली आणि पाच वाजेपर्यंत बेकरीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर ही हकिगत मिळाली.

पेचकस मात्र खणात परत जायच्या आधी दारापर्यंत गेलाच. बोर्डाचा वरचा डावा स्क्रू बरेच दिवस ढिला होता. सुईबाईंनी तो आवळला. डावा हात वर जात नसल्यामुळे मास्तर ते काम गेले तीन महिने टाळत होते.

पुढच्या बुधवारी तीन नंबरच्या खाटेवर मास्तर. त्यांनीच मागितलं, दोन साक्षीदारांसमोर, पूर्ण वाक्यात. डोळे घट्ट मिटलेले, पाय उबदार मोज्यांत. टेबलामागे कोणी नसल्यामुळे नवीन आलेली एक बाई थेट आतच डोकावली.

“दुखतं का हो?” तिनं विचारलं.

“दुखतं,” मास्तर खाटेवरून म्हणाले. “थोडंसं. आधी टिचकी, मग जड कळ. मुंग्या म्हणून कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि बसा दहा मिनिटं, जिना चढून आलात.”

“पेशंटनं तोंड बंद ठेवावं,” सुईबाई म्हणाल्या. त्यांनी गुडघ्याखाली शेवटची सुई लावली, मास्तरांचा उजवा पाय ताठ झाला आणि सैल पडला. “उरल्या?” सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

“तीन,” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “पाकीट दहाचं. सात लागल्या. मोजतोय मी.”

सुईबाईंनी पाटीवर आकडा लिहिला. मग ट्रे उचलून खिडकीपाशी नेला आणि उरलेल्या सुया स्वतः मोजल्या. एकदा, आणि पुन्हा एकदा.